लिंबाजी ड्रेसर आणि सोळा ओली पोती

जुलैचा दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. जमा रक्कम दोन हजार दोनशे पन्नास रुपये: पंधरा घरं, घरटी दीडशे. जागा, मी चालवतो त्या दूध संकलन केंद्राचा ओटा. हजर माणसं पंधरा. त्यांत लिंबाजी आबा, ज्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. सुदाम, नाल्याकाठच्या बावीस एकरांचा मालक. चंद्रकला, आलेली एकटीच बाई. आणि वही घेऊन मी, दिलीप.

पैसे मीठ, चुना आणि गूळ आणण्यासाठी होते. त्या पावसाळ्यात नाल्याकाठच्या रानांत शंखी गोगलगाय आली होती. ही गोगलगाय आपल्याकडची नव्हे, आफ्रिकेतली, असं कृषी सहायक सांगून गेले. आमच्या गावात ती कशी पोचली ते कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. कुणी म्हणे उसाच्या बेण्यातून, कुणी म्हणे नर्सरीच्या रोपांबरोबर आलेल्या मातीतून. दिवसा ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडांखाली दडून राहायची आणि अंधार पडला की रानात शिरायची. दोन पानांवर आलेलं सोयाबीन सकाळपर्यंत ओळीच्या ओळी गायब झालेलं असायचं.

लिंबाजी आबा आता अंबाजोगाईला लेकीकडे असतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं लेकीशिवाय कुणाला कळत नाही. म्हणून त्या वर्षाचं जे माझ्या वहीत आहे आणि जे नाही, ते दोन्ही लिहून ठेवतो आहे.

आबांनी जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर म्हणून नोकरी केली. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे. "डॉक्टर न्हाई, ड्रेसर. डॉक्टर सही करतो, मी जनावर धरतो." ज्यांना हे शंभरदा सांगितलं होतं त्यांनाही ते एकशेएकाव्या वेळी सांगायचे. अंगाने वाळके, उंच, चालताना मान थोडी पुढे. खिशात एका प्लास्टिकच्या डबीत लाल साबणाची वडी असे. जनावराला हात लावण्याआधी ते हात धुवत आणि नंतरही धुवत, आणि घरच्या बाईने पाणी ओतताना हात आखडता घेतला तर म्हणत, "बाई, पाणी माझ्यासाठी न्हाई, तुझ्या म्हशीसाठी मागतोय."

आजारी जनावर पाहायला गेले की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. कवापासून? शेवटचं काय खाल्लं? शेजारी कोन बांधलंय? तिसरं उत्तर मिळाल्याशिवाय ते पिशवी उघडत नसत. ही सवय इतकी मुरली होती की माझ्या धाकट्या भावाचं त्याच्या बायकोशी बिनसलं आणि ती माहेरी निघून गेली, तेव्हाही आबांनी ओट्यावर बसून विचारलं, "कवापासून? शेवटचं काय बोलनं झालं? आन शेजारी कोन राहतंय?" भाऊ चिडला. पण भांडण लावणारी शेजारीण खरंच निघाली.

लाळ्या खुरकूतची साथ आलेल्या एका वर्षी त्यांनी गावाच्या शिवेवर धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलेली पोती आडवी टाकली आणि स्वतः काठी घेऊन खुर्चीवर बसले. आत येणाऱ्या प्रत्येक जनावराने आणि माणसाने त्या पाण्यात पाय बुडवायचा. तेवढ्यात तालुक्याचे एक पुढारी कुणाच्या तरी साखरपुड्याला आले. पांढरे बूट. गाडीतून उतरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमाला कुठला रोग हाय?"

"ड्रेसर. तुमाला न्हाई साहेब, तुमच्या बुटाला असंल. सकाळी कुठल्या गोठ्यात गेलते का?"

"गेलतो की, मामाच्या."

"मग बुडवा."

पुढाऱ्यांनी बूट बुडवले. त्या साथीत आमच्या गावात तीन जनावरं दगावली, शेजारच्या गावात एकवीस. हे आकडे दवाखान्याच्या रजिस्टरमधले नाहीत, आबांनीच दारोदार फिरून मोजले होते. मी पुढे वह्या ठेवायला लागलो त्याचं एक कारण तेही आहे.

गोगलगाय आली त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुदामने सरळ विष घातलं. भुसा, गूळ आणि एक जहाल कीटकनाशक कालवून त्याचे गोळे धुऱ्यांवर टाकले. गोगलगायी मेल्या. त्यांच्याबरोबर दोन कुत्री, एक घोरपड आणि सहा भारद्वाज मेले. आमच्याकडे या पक्ष्याला कुंभारकावळा म्हणतात. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळा, आणि बांधाबांधाने पायी हिंडण्याची सवय.

आबांनी त्यातला एक पक्षी आणून माझ्या ओट्यावर ठेवला. दूध घालायला आलेली दहा-बारा माणसं उभी होती. मी म्हणालो, "आबा, इथे नको, दुधाची जागा आहे." ते म्हणाले, "धुऊन देतो," आणि ब्लेडने पक्ष्याचं पोट उघडलं. आत भुसा नव्हता. आत गोगलगायीचं मांस होतं आणि शंखाचे तुकडे.

"बगा," ते म्हणाले. "ह्याला कुनी रोजगार देत न्हाई. हा आपल्या रानात फुकट कामाला हाय. सुदामनं गडी मारला."

सुदाम तिथेच होता. "आरं पन डॉक्टर, एक पाखरू दिवसाला किती खाईल? दहा? माझ्या रानात पाच लाख हायत."

"ड्रेसर. मोजल्या का?"

"मोजायला मी काय दिलीप हाय का?"

सगळे हसले, मीही. आबांनी ओटा तीनदा धुतला. मग सुदामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी अडचन खरी हाय. पन इस घालायचं न्हाई. हातानं येचू." त्यावरून ती रविवारची बैठक झाली.

रीत साधी होती. तागाचं पोतं गुळाच्या पाण्यात भिजवायचं आणि संध्याकाळी रानात अंथरायचं. गुळाच्या वासाने आणि ओलीमुळे गोगलगायी त्याच्याखाली जमतात. सकाळी पोतं उलटायचं, हातमोजे घालून वेचायचं, मिठाच्या पाण्यात टाकायचं आणि खड्ड्यात चुना घालून पुरायचं. अडचण एकच होती: हल्ली सगळी पोती प्लास्टिकची असतात, त्यांत पाणी मुरत नाही. गावभर फिरून तागाची सोळा मिळाली. म्हणून ठरलं की सोळाही पोती एका घराच्या रानात दोन रात्री राहतील आणि मग पुढच्या घरी जातील. पूर्वी नांगरटीला इर्जिक घालत तसंच, वेचायला सगळ्या घरांतून माणूस यायचा. ज्याने दिवस भरले त्याची पाळी. पाळीची यादी माझ्या वहीत.

चंद्रकलाचं पावणेदोन एकर रान वर माळावर होतं. तिथे गोगलगाय नव्हतीच. तरी ती बैठकीला आली, त्याचं कारण तिच्या शेळ्या. ती आणि तिचा नवरा पांडुरंग दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जात. जाताना शेळ्या कुणाकडे तरी बटईने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, सांभाळायला ठेवाव्या लागत, आणि परत आल्यावर निम्म्या 'मेलेल्या' असत. त्या वर्षी शेळ्या अकरा झाल्या होत्या. सोयाबीन बरं आलं तर यंदा कोयता घ्यायचा नाही, घरी राहून शेळ्या वाढवायच्या, असं दोघांनी ठरवलं होतं. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसेही, घेतले नव्हते. विषाचे गोळे सगळ्यांच्या धुऱ्यांवर पडले असते तर गुळाच्या वासाने पहिल्यांदा तिच्याच शेळ्यांनी खाल्ले असते.

ती बारा दिवस वेचायला आली. सगळ्यात जास्त भरणा तिचा असे. माझ्या वहीत एका सकाळच्या तिच्या नावापुढे सव्वीस किलो आहेत.

यादीत तिचा नंबर सातवा आला. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या रानात न्हाईतच. माझी पाळी फुडच्याला द्या."

मी नाही म्हणालो. हे मला लिहायलाच पाहिजे. मी म्हणालो, "बाई, बारा दिवस भरलेस. तुझी पाळी तुला न देता पुढे गेलो तर उद्या लोक म्हणतील, बाईमाणूस बघून गिळली." आबा मागे उभे होते. म्हणाले, "हिशोब बराबर हाय. लावून तर बगू."

सुदामच्या पट्ट्यातून उचललेली ओली, चिखलाची पोती आम्ही बैलगाडीत घालून माळावर नेली. दोन ओळी, आठ-आठ, प्रत्येक बारा पावलांवर एक. तिचं सोयाबीन उशिरा पेरलेलं, नुकतं वर आलेलं होतं. पहिल्या सकाळी पोत्यांखाली काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी मी वहीत लिहिलं: 'दोन, मुगाएवढ्या.' सगळ्यांनी चंद्रकलाची थट्टा केली. "बाई, तुझी कमाई आमच्यापेक्षा मोठी. बारा दिवसांत दोन मिळाल्या." तीही हसली आणि तिने सगळ्यांना चहा केला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती केंद्रावर आली तेव्हा आबा तिथेच होते.

"आबा, माझ्या रानाला टक्कल पडायलंय. या जरा."

आम्ही दोघं गेलो. पिकात खाटेएवढ्या मोकळ्या जागा पडल्या होत्या. आबांनी नेहमीसारखं विचारलं, "कवापासून?" ती म्हणाली, आठवडा झाला. "शेवटचं काय घातलं?" काही नाही. मग त्यांनी तिसरा प्रश्न तोंडातच ठेवला. ते पहिल्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि सरळ रेषेत चालायला लागले. बारा पावलं, दुसरी जागा. बारा पावलं, तिसरी. आठव्या जागेपर्यंत गेले, वळले, दुसऱ्या ओळीने परत आले. सोळा.

त्यांनी वाकून माती उकरली. बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी होत्या, आणि ज्वारीच्या दाण्यांसारख्या पिवळट अंड्यांच्या फुटक्या कवचांचा एक पुंजका. पोत्यांना चिकटलेल्या चिखलातून अंडी आली होती. तागाच्या विणीत बसून पिल्लं आली होती. आम्ही मोठ्या झटकून टाकत होतो आणि पोती न धुता पुढे नेत होतो.

चंद्रकलाला कळायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे तुमी आनून सोडल्या."

आबा विहिरीवर गेले आणि हात धुवत बसले. बराच वेळ. मी म्हणालो, "आबा, पुरे." तेव्हा म्हणाले, "चौतीस वर्सं लोकांला सांगितलं, आजारी जनावराचा कासरा निरोग्याला बांदू नका. आन सोळा कासरे मीच गाडीत घालून आनले."

त्यांना ते गावासमोर सांगायचं होतं. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. माझं म्हणणं होतं की गुपचूप पोती उकळत्या पाण्यातून काढायला लागू, आणि चंद्रकलाचं आपण दोघं काय ते बघू. उघड बोललो तर सुदामला आयतं कारण मिळेल आणि विषाचे गोळे परत पडतील. हा हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही.

"तुझं खरं हाय," आबा म्हणाले. "पन तिच्यानंतर पोती चार घरी गेलीत. त्यांच्या रानात बगायला लागंल का न्हाई? न सांगता कसं बगनार?"

ओट्यावर परत बैठक झाली. आबांनी मला वही वाचायला लावली: कुठल्या तारखेला पोती कुणाच्या रानातून कुणाकडे. मी वाचली, 'दोन, मुगाएवढ्या' यासकट. मग ते म्हणाले की चूक रीतीची नाही, चूक त्यांची आहे. धुणं हे त्यांचं काम होतं. इथून पुढे प्रत्येक पोतं उकळत्या पाण्यातून काढूनच हलवायचं. आणि चंद्रकलाचं जेवढं नुकसान होईल तेवढं बाकीच्या चौदा घरांनी मिळून भरायचं.

सुदाम म्हणाला, "वा डॉक्टर. म्हंजे मी इस घातलं तर पाखरं मेली म्हनून मी पापी. आन तुमी गावभर गोगलगायी वाटल्या, त्याचे पैसे आमीच द्यायचे."

त्या दिवशी पहिल्यांदाच आबांनी 'ड्रेसर' म्हणून दुरुस्ती केली नाही.

"कावून द्यायचे?" दुसऱ्या एकाने विचारलं. "मी काय तिच्या रानात पोतं टाका म्हनलो होतो?"

"पाळी सगळ्यांनी मिळून ठरवली," आबा म्हणाले. "ती बी तुमच्या सगळ्यांच्या रानात येचायला आली."

पाच घरांनी तिथेच पोत्यांतून अंग काढलं. त्यांतल्या चौघांनी आठवड्याभरात विष टाकलं. आबा रोज सकाळी धुऱ्याने फिरून मेलेलं पाखरू दिसलं की पुरायचे, दुसऱ्या जनावराने ते खाऊ नये म्हणून. किती ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही वहीत पान काढलं नाही. उरलेल्या दहा घरांनी मात्र पोती उकळून वापरली, आणि चंद्रकलानंतर पोती गेलेल्या चार रानांपैकी दोन वेळेत सापडल्यामुळे वाचली.

चंद्रकलाच्या रानात आबा रोज संध्याकाळी चिमटा आणि डबा घेऊन जात. मोकळ्या जागा तरीही वाढत गेल्या आणि एकमेकींना मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये मळणी झाली तेव्हा काटा मी लावला. शेजारच्या तशाच उशिरा पेरलेल्या माळाला एकरी सव्वापाच क्विंटल उतारा पडला होता. त्या हिशेबाने तिला नऊ क्विंटल एकोणीस किलो व्हायला हवं होतं. झालं पाच क्विंटल वीस. नुकसान तीन क्विंटल नव्याण्णव, चार धरलं. केजच्या बाजारातला त्या दिवशीचा भाव चार हजार दोनशे. सोळा हजार आठशे रुपये.

आबांकडे तेवढे पैसे होते. पेन्शन आली होती. मी म्हणालो, "आत्ता देऊन टाका, मी माझा वाटा घालतो, बाकीच्यांचं नंतर बघू. मुकादम गावात फिरतोय."

"एकट्यानं दिले की ती मेहरबानी होती," ते म्हणाले. "तिला मेहरबानी कावून घ्यावी लागावी? सगळ्यांनी दिले पायजेत. मंग सगळ्यांच्या ध्यानात राहतंय."

ते बावीस दिवस दारोदार फिरले. घरटी बाराशे. काहींनी उद्या या म्हटलं, काहींनी त्यांना चहा पाजून विषय बदलला, सुदामने गडी पाठवून घरी नाही असं सांगितलं. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, पण अठराव्या दिवशी मी परत "आबा, तुमच्या हट्टापायी तिचं वर्ष जाईल" म्हणालो तेव्हा ते ओरडले, "एकट्यानं देऊ का मग! मी सोडून कुनाच्या ध्यानात राहनार न्हाई!" मग खाली बसले आणि म्हणाले, "मला बी दिसतंय, दिलीप."

एकोणिसाव्या दिवशी पांडुरंगाने मुकादमाकडून उचल घेतली. त्याची चूक नव्हती. पाच क्विंटलांत दोघांचं वर्ष निघत नव्हतं, शिवाय गोगलगायी आता त्यांच्या मातीत होत्या आणि पुढच्या पावसाळ्यात परत वर येणार होत्या. उचल घेतली की कोयता ठरला.

ट्रक निघायचा होता त्या सकाळी आबा पैसे घेऊन शाळेसमोर आले. मी बरोबर होतो. टपावर खाटा, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, वर बसलेली माणसं. चंद्रकला अकराही शेळ्या एका दोरीला धरून खाली उभी होती. दोरी तिने आधी आबांच्या हातात दिली, मग पैसे घेतले.

"बटई न्हाई," ती म्हणाली. "नुस्त्या सांभाळायच्या."

"नुस्त्या."

"आन एक बी मेली तर मला खोटं सांगू नका."

"तुला कवा खोटं सांगितलं बाई?"

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "तेच तर. तुमी बावीस दिस खरं सांगत बसले, आन मी निघाले."

आबांनी मान हलवली. पांडुरंग वरून ओरडला, "अगं चल, डायवर हारन वाजवायलाय!"

गुढीपाडव्यानंतर आबांनी तिला पंधरा शेळ्या परत दिल्या, करडांसकट, असं मला इतरांकडून कळलं. मी त्या आठवड्यात गावात नव्हतो, आणि परत आलो तोवर झटका आलेल्या आबांना लेकीने अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं होतं. धडधाकट आबा माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या सकाळचे. ट्रक वळणावरून गेला. शेळ्या त्याच्या मागे ओढ घ्यायला लागल्या आणि एवढा उंच माणूस दोरीसकट चार पावलं ट्रकच्या दिशेने ओढला गेला. मग त्यांनी टाच रोवली, सगळ्यांत पुढच्या शेळीच्या कानामागे खाजवलं आणि तिच्याशी काहीतरी बोलायला लागले. मला ऐकू आलं नाही.

सोळा हजार आठशे रुपये चंद्रकलाला मिळाले. त्यांत आबांचे दहा हजार, माझे चार हजार चारशे, आणि दोन घरांचे बाराशे-बाराशे. बाकी घरांनी काही दिलं नाही. तिने त्यातले पाचशे मोजून शेळ्यांच्या औषधपाण्यासाठी आबांच्या हातावर ठेवले, आणि ते त्यांनी घेतले.